शिकारवही घेऊन उजनीकाठी चार दिवस

आमच्या आजोबांची शिकारवही लाल कापडी पाठीची, लांबट आकाराची, वाण्याच्या दुकानात उधारी लिहितात तशी आहे. तिच्यात १९५४ च्या डिसेंबरपासून १९७३ च्या फेब्रुवारीपर्यंतच्या एकोणीस हिवाळ्यांच्या नोंदी असून प्रत्येक पानावर शाईने रेघा ओढून सात रकाने पाडलेले आहेत : तारीख, तळे, वारा, पाणी, पक्षी, काडतुसे आणि शेरा. आजोबा पुण्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवत. शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा सुटली, की वडिलोपार्जित दुनळी बंदूक, मोती नावाचा कुत्रा आणि भाकऱ्यांचे गाठोडे घेऊन ते सोलापूरच्या वाटेला लागत आणि रविवारी रात्री उशिरा परतत. हाताला पेन्सिलीची सवय असल्यामुळे त्यांनी वहीच्या डाव्या पानांवर तळ्यांचे आणि नदीच्या डोहांचे नकाशेही काढून ठेवले आहेत.

त्या काळी परवाना काढून बदकांची शिकार करणे कायदेशीर होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही सुरुवातीला लहान शिकारीचे परवाने चालू ठेवले होते. १९९१ च्या दुरुस्तीने तेही बंद झाले, आणि आज तळ्यावरच्या साध्या चक्रांग बदकावर नेम धरणे हा गुन्हा आहे. आजोबांनी मात्र त्याच्या कितीतरी आधी बंदूक ठेवून दिली होती. त्यांना अखेरीस पश्चात्ताप झाला, असे आमच्या घरात सांगतात. वहीतला शेवटचा शेरा एवढाच आहे : ‘काडतुसे फार महागली.’

दर वर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ साली सुरू झालेल्या या गणनेत पक्षिमित्र आपापल्या भागातील पाणथळ जागांवर जाऊन पक्षी मोजतात. यंदा उजनी जलाशयाच्या काठचा, कुंभारगावजवळचा एक पट्टा आम्हा चौघांच्या वाट्याला आला. मोजणी एका सकाळची असते. पण त्या सकाळी नेमके कुठे उभे राहायचे, हे ठरवण्यासाठी आधी जमीन पायाखाली घालावी लागते. शिकाऱ्याच्या कामाचा निम्म्याहून अधिक भाग हाच असतो. म्हणून मी सोबत्यांच्या तीन दिवस आधी निघालो आणि वही बरोबर घेतली.

पहिला दिवस, गुरुवार

हडपसर मागे टाकून लोणी काळभोरच्या अलीकडे डावीकडे वळले, की मुळा-मुठेवरचा कवडी पाट लागतो. सकाळी सातच्या सुमारास मी तिथे पोहोचलो, तेव्हा बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्यावर साबणासारखा फेस तरंगत होता आणि पुणे शहराने रात्रभरात जे जे मोरीत सोडले असेल त्या सर्वांचा एकत्रित वास काठावर दाटून राहिला होता. वहीत कवडीची नोंद दोनदाच आहे, आणि त्यांपैकी १९५७ च्या नोंदीत शेऱ्याच्या रकान्यात ‘नदीचे पाणी प्यालो, गोड’ असे लिहिलेले आहे. मी नाकाला रुमाल लावून ती ओळ वाचली.

तरीही पक्षी होते. शेकाटे लाल काटक्यांसारख्या पायांवर उथळ पाण्यात फिरत होते, धोबी शेपट्या हलवत दगडांवर उतरत होते आणि पलीकडच्या खडकावर चक्रवाकांच्या तीन जोड्या उन्हे खात बसल्या होत्या. संस्कृत कवींनी रात्री जोडीदारापासून ताटातूट होणारा हा पक्षी विरहाचे प्रतीक मानला. शिकाऱ्यांचे त्याच्याविषयीचे मत फारच वेगळे होते. त्याला लोक ब्राह्मणी बदक म्हणत, त्याचे मांस कोणी खात नसे, त्यामुळे त्याच्यावर काडतूस खर्च करण्यात अर्थ नसे. आणि माणूस दुरून दिसताच हा पक्षी भोंगा वाजवल्यासारखा ओरडून तळ्यावरच्या सगळ्या बदकांना सावध करी. आजोबांनी एका ठिकाणी त्याला ‘फुकटचा रखवालदार’ म्हटले आहे. मी गाडीचे दार जरा जोरात लावताच त्या रखवालदाराने आपले काम चोख बजावले.

पुढे उरुळी कांचन ओलांडून यवतजवळच्या माटोबा तलावावर गेलो. खडकवासल्याहून निघणाऱ्या मुठा उजव्या कालव्याच्या पाण्यावर भरणारा हा इंग्रजी अमदानीतला तलाव आजोबांचा सर्वांत आवडता असावा, कारण वहीत त्याचे चार वेगवेगळे नकाशे आहेत. नवख्या माणसाला ते नकाशे विचित्र वाटतील. त्यांत रस्ते जवळजवळ नाहीत. आहेत ते वाऱ्याचे बाण, सकाळच्या आणि संध्याकाळच्या उन्हाच्या दिशा, गुडघाभर, कमरभर आणि ‘बुडीत’ अशा खुणांनी दाखवलेली पाण्याची खोली, आणि तुटक रेघांनी काढलेल्या बदकांच्या येण्याजाण्याच्या वाटा. या तुटक रेघा म्हणजे सगळ्या टेहळणीचे सार होय. बहुतेक बदके दिवसा मोकळ्या, सुरक्षित पाण्यावर विश्रांती घेतात आणि अंधार पडता पडता चरण्यासाठी उथळ दलदलीकडे किंवा कापणी झालेल्या शेतांकडे जातात. पहाटे त्याच वाटेने परततात. ही वाट ठरलेली असते. तिच्याखाली जाऊन बसणारा शिकारी पक्ष्यांच्या मागे धावत नाही, पक्षीच त्याच्याकडे येतात.

नकाशांखाली एक सूचना दोनदा अधोरेखित केलेली आहे : ‘झोपेचे पाणी वेगळे, चरण्याचे पाणी वेगळे. झोपेच्या पाण्यावर बार काढू नये. काढल्यास पंधरा दिवस तळे रिकामे.’ हा दयेचा नियम नव्हता, हिशेबाचा होता. पण त्याचा परिणाम दयेसारखाच होत असे.

आता माटोबाच्या भोवती उसाने चांगलाच वेढा घातला आहे. पाण्यावर मुख्यतः वारकरी होते, म्हणजे काळ्या अंगाचे आणि कपाळावर पांढरा टिळा असलेले ते पाणपक्षी, ज्यांना पुस्तकांत चांदवा असेही नाव आहे. तुकोबांची पालखी दर आषाढी वारीला याच यवतवरून जाते, आणि या पक्ष्याला हे नाव देणाऱ्याने दोन्ही वाऱ्या पाहिल्या असाव्यात, असे मला नेहमी वाटते. बदके म्हणाल तर हळदी-कुंकवाच्या सात-आठ जोड्या होत्या. काठाच्या चिखलात मी काठीने थोडे उकरून पाहिले. छर्रे सापडतील असे नव्हे, पण ते तिथे कुठेतरी असणारच. एका बारा बोअर काडतुसातून शेकडो शिशाचे छर्रे सुटतात, त्यांतले मोजके पक्ष्याला लागतात आणि बाकीचे तळ्यात पडतात; बदके चारा दळण्यासाठी खडे गिळतात, त्यांबरोबर हे छर्रेही गिळतात आणि शिशाच्या विषबाधेने हळूहळू मरतात. याच कारणाने अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर देशभर बंदी आहे. आजोबांनी नेमाने लिहिलेल्या काडतुसांच्या रकान्याची बेरीज मी एकदा करून पाहिली होती. ती इथे सांगत नाही.

वहीची आणखी एक उणीव इथेच सांगून टाकतो. माटोबाच्या जवळजवळ प्रत्येक नोंदीत ‘पारधी बरोबर होता’ असे वाक्य आहे. बदकांच्या वाटा त्यानेच दाखवल्या असणार, कारण फासे आणि जाळी लावून पोट भरणाऱ्या माणसाइतके पक्ष्यांचे चलनवलन दुसऱ्या कोणाला कळत नाही. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला; आमच्या सुशिक्षित आजोबांनी त्यानंतरच्या एकोणीस हिवाळ्यांत कुत्र्याचे नाव शेकडो वेळा लिहिले आणि या माणसाचे एकदाही नाही.

रात्री भिगवणला मुक्काम केला. महामार्गावरच्या खानावळीत चिलापीचे कालवण आणि ज्वारीची भाकरी एवढाच बेत होता, आणि तो उत्तम होता.

दुसरा दिवस, शुक्रवार

सकाळ शिर्सुफळ आणि भादलवाडीच्या तलावांवर घालवली. शिर्सुफळला दुर्बिणीत पकडण्याजोगे फारसे काही नव्हते. भादलवाडीच्या पाण्यातल्या बाभळींवर चित्रबलाकांची मोठी वीण होते, पण तिचा भर अजून यायचा होता. वहीत दोन्ही ठिकाणच्या मिळून अकरा नोंदी आहेत. त्यांतली एक महत्त्वाची, म्हणून उतरवून घेतो : जानेवारी १९६४, भुवई बदक, नर, ‘पायात अॅल्युमिनियमचे वाळे, त्यावर मॉस्क्वा असे रोमन अक्षरांत व आकडा. आकडा मुंबईस कळविला.’ मुंबईस म्हणजे अर्थातच १८८३ पासून चालू असलेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला. स्थलांतराचा अभ्यास करण्यासाठी शास्त्रज्ञ पक्ष्यांच्या पायांत वाळी घालत आणि ती परत मिळत ती बहुधा शिकाऱ्यांकडूनच. आपल्या तळ्यांवरचे भुवई बदक रशियाच्या दलदलींतून येते, हे ज्ञान अशा एकेका मेलेल्या पक्ष्याच्या पायातून गोळा झालेले आहे. खुद्द सालिम अलींचा पक्ष्यांशी परिचय लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीमुळे झाला, हे तर सर्वश्रुत आहे.

दुपारी कुंभारगावला गेलो. इथले बरेच मच्छीमार आता हिवाळ्यात पर्यटकांना होडीतून पक्षी दाखवतात. ज्यांच्याशी फोनवर बोलणे झाले होते ते होडीवाले दादा चाळिशीचे, बोलायला मोजके आणि नजरेचे पक्के निघाले. मी पहिलाच प्रश्न पाण्याच्या पातळीचा विचारला, तेव्हा त्यांचा चेहरा थोडा मोकळा झाला.

“सर, सगळी लोकं आल्या आल्या फ्लेमिंगो कुठंय इचारत्यात,” ते म्हणाले. “पाणी किती उतरलं, ते कोण इचारत न्हाई. पाणी उतरल्याबिगर पक्षी येनार कसा?”

त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याची साठवण सुमारे ११७ अब्ज घनफूट आहे आणि त्याच्या फुगवट्याचे पाणी सोलापूर जिल्ह्यातून मागे सरकत पुणे जिल्ह्यात भिगवणच्याही पुढे येते. पावसाळ्यानंतर जलाशय तुडुंब असतो तेव्हा काठावर खोल पाणी असते आणि लांब पायांच्या पक्ष्यांना उभे राहायलाही जागा नसते. कालव्यांना आवर्तने सुटू लागली, की काठाचा गाळ उघडा पडत जातो, आणि त्या ओल्या, उथळ पट्ट्यावर रोहित म्हणजे फ्लेमिंगो, मालगुजे, तुतारी, शराटी यांची पंगत बसते. ही पंगत कोण वाढते, तेही सांगायला हवे. मी कवडीला नाक दाबून पाहिलेले पाणी रांजणगाव सांडसला भीमेला मिळते आणि इथे येऊन थांबते. त्यातल्या सांडपाण्याच्या खतावर पाण्यात जे शेवाळ माजते आणि जे सूक्ष्म जीव वाढतात, ते रोहितांचे अन्न होते. या गोष्टीचा आनंद मानावा की लाज धरावी, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही.

होडीतच मी वही उघडून १९६१ सालचा एक नकाशा दादांना दाखवला. धरणाच्या आधीची भीमा, तिच्या वळणावरचा एक डोह, काठावर चिंचेचे झाड, त्याच्या पलीकडे विहीर आणि बाजूला पंधरा-वीस घरांची वस्ती, असे त्यात रेखाटलेले आहे. नदीकाठी झोपड्यासारखी एक खूण असून तिच्यापुढे ‘लपण’ असे लिहिलेले आहे. दादांनी वल्हे आडवे टाकले आणि वही गुडघ्यावर घेऊन ती दोन-तीन वेळा फिरवून पाहिली.

“हे आमचं जुनं गावठान हाय, सर.” थोड्या वेळाने त्यांनी डाव्या बाजूच्या, काहीच वेगळे नसलेल्या पाण्याकडे हात केला. “ह्याच्या खाली. आमच्या बापाची साडेचार एकर बी हितंच.”

ते ज्या डोहाच्या काठी बोट ठेवून बसले होते, तिथे आजोबांनी एका सकाळी सहा तलवार बदके पाडल्याची नोंद आहे. मी ती वाचून दाखवली नाही. पुढे पळसदेवचे प्राचीन दगडी मंदिरही असेच पाण्याखाली आहे आणि पाणी फार खाली गेल्यावरच ते वर येते. दादांनी वहीतल्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून घेतला, आईला दाखवतो म्हणाले, आणि पुन्हा वल्हे हातात घेतले.

संध्याकाळी साडेपाचपासून अंधार पडेपर्यंत आम्ही काठावर नुसते बसून राहिलो. टेहळणीत याला पर्याय नाही. पावणेसहाच्या सुमारास थापट्यांचे आणि चक्रांगांचे लहान लहान थवे मधल्या पाण्यावरून उठू लागले आणि सगळेच्या सगळे एका बारीक, जिभेसारख्या पाण्यात घुसलेल्या जमिनीवरून पश्चिमेच्या उथळ खाडीकडे गेले. त्या जिभेवर रान-एरंडासारखी झुडपे होती. वारा पूर्वेकडून होता. उद्या कुठे बसायचे ते ठरले.

तिसरा दिवस, शनिवार

पहाटे पाचला दादांनी मला त्या जिभेच्या टोकाशी सोडले आणि होडी घेऊन ते दूर निघून गेले, कारण लपणाजवळ उभी असलेली होडी म्हणजे पक्ष्यांना लावलेली पाटीच असते. उतरताना माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत गाळात गेला, तो ओढून काढताना डावाही गेला, आणि पाय परत मिळाले तरी एक बूट उजनीला अर्पण करावा लागला. ‘गाळात रुतल्यास उभे राहण्याची धडपड करू नये, आडवे पडावे’ अशी स्पष्ट सूचना वहीत असूनही अंधारात ती कोणाला आठवते!

लपण करण्याची आजोबांची पद्धत साधी होती. वारा पाठीशी ठेवून बसायचे. बदके उतरताना नेहमी वाऱ्याला सामोरी उतरतात. म्हणजे वारा आपल्या पाठीवर असला, की पक्षी आपल्या तोंडासमोर, पंख पसरून, पाय पुढे काढून, वेग कमी करत खाली येतात. उगवता सूर्यही पाठीशी असेल तर आणखी चांगले, कारण त्यांच्यावर उजेड असतो आणि आपण काळोखात असतो. माझ्या जिभेच्या पश्चिमेला खाडी असल्यामुळे त्या सकाळी दोन्ही गोष्टी जुळल्या होत्या. झुडपे तोडायची नाहीत, नुसती वाकवून बांधायची, कपडे मातकट, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वर पाहायचे नाही, कारण वरून येणाऱ्या बदकाला माणसाचा वर केलेला चेहरा ताटलीसारखा चमकताना दिसतो. आजोबा पाण्यावर लाकडी, रंगवलेली भुलाव्याची बदकेही सोडत, आणि ती घोड्याच्या नालेच्या आकारात मांडून मध्ये उतरण्यासाठी मोकळी जागा ठेवत. चित्रकलेच्या शिक्षकाला हा उद्योग मनापासून आवडत असणार.

साडेसहाला पहिला आवाज आला. आधी शिट्टीसारखी पंखांची सळसळ, मग दिसायच्या आतच पाण्यावर उतरल्याचा सप्प असा ध्वनी. चक्रांग होते, बारा-तेरा. त्यांच्यामागे तलवार बदके आली, लांब मानेची, सुईसारख्या शेपटीची, सावध. त्यांनी दोन फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या फेरीत माझ्यापासून वीस पावलांवर उतरली. आजोबांच्या हिशेबाने बाराच्या बंदुकीचा पल्ला चाळीस पावलांपुढे नाही. त्यापुढे बार काढणे म्हणजे पक्षी जखमी करून वाया घालवणे, असे त्यांनी लिहिले आहे. थापट्यांचा मोठा थवा सर्वांत शेवटी आला आणि आल्याबरोबर कामाला लागला. फावड्यासारख्या चोची पाण्यात घालून ते सगळे एकमेकांच्या मागे गोल गोल फिरू लागले. पुढच्याच्या पायांनी ढवळलेल्या पाण्यातले बारीक किडे मागचा गाळून घेतो, आणि असे पन्नास-साठ पक्षी एकाच वेळी जात्यासारखे फिरत राहतात. थापट्याचे मांस चिखलाच्या वासाचे म्हणून शिकारी त्याला टाळत. त्याची संख्या आजही चांगली आहे याचा त्या चवीशी काही संबंध असावा, असा विनोद मनात येऊन गेला.

सातनंतर पट्टकादंब आले. आवाजावरूनच कळतात, मान लांब करून, बोलत बोलत येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस मंगोलिया आणि तिबेटच्या पठारांवर वीण करून हिमालय ओलांडून इथे येतात, आणि त्या प्रवासात सात हजार मीटरहून अधिक उंचीवर त्यांची नोंद झालेली आहे. ते खाडीत न उतरता मागच्या हरभऱ्याच्या शेताकडे गेले.

इतके सगळे वीस-तीस पावलांवर चालू असताना मी दीड तास हललो नाही, आणि माझ्यामुळे एकही पक्षी उडाला नाही. ही बढाई नव्हे. वीतभर हललो असतो तर त्या तलवार बदकांनी मला ते कळवले असते. पण नऊच्या सुमारास जे झाले ते पाहून मला शिकारी मंडळींबद्दल, त्यांचे सगळे अपराध पदरात घालूनही, थोडी आपुलकी वाटू लागली. मधल्या उथळावर दोनेकशे रोहित माना खाली घालून चरत होते. एक मोटारीची होडी थेट त्यांच्या रोखाने आली. तिच्यात मोठाल्या भिंगांचे कॅमेरे घेतलेली पाच-सहा माणसे होती आणि त्यांना उडत्या रोहितांच्या पंखांतला तांबडा रंग हवा होता. रोहिताला जागच्या जागी उडता येत नाही. पाण्यावर बराच पळून वेग घ्यावा लागतो, आणि मग तो उठतो. सगळा थवा पळत उठला, एक मोठे वळण घेऊन पुन्हा उतरला, आणि होडी पुन्हा त्याच्याकडे वळली. तिसऱ्यांदा उठल्यावर ते पलीकडे करमाळ्याच्या बाजूला निघून गेले. त्यांच्याबरोबर खाडीतली तलवार बदकेही गेली.

शिकाऱ्याला पक्षी हवा असेल तर आपले असणे लपवावेच लागते, झोपेचे पाणी राखावेच लागते, कारण पुढच्या रविवारी त्याच तळ्यावर यायचे असते. कॅमेऱ्याला असे काही बंधन नाही. पक्षी घाबरून उडाला तर चित्र उलट अधिक चांगले येते. कोणाचाही जीव गेला नाही हे मान्य आहे. पण हिवाळाभर रोज सकाळी असेच तीनदा उठवले, तर खाऊन साठवलेली चरबी त्या पक्ष्यांनी उन्हाळ्यातल्या परतीच्या प्रवासासाठी कुठून आणायची, हा प्रश्न मी होडीतून परतताना बोलून दाखवला.

दादा काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मी बी उडवलेत, सर. गिऱ्हाईक म्हनलं तर उडवावं लागतं. न्हाई म्हनलं तर पुढच्या टायमाला ते दुसऱ्याची होडी करत्यात.” यावर मला बोलण्यासारखे काही नव्हते.

चौथा दिवस, रविवार

बाकीचे तिघे रात्रीच्या गाडीने आले होते. पहाटे आम्ही दोघे जिभेवर आणि दोघे खाडीच्या दुसऱ्या टोकाला असे बसलो. रविवारची गर्दी काठावर येण्याच्या आत, म्हणजे साडेआठपर्यंत, मोजणी उरकायची असे ठरले होते.

हजारो पक्ष्यांचा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी दहा नीट मोजायचे, ते डोळ्यांत बसवायचे, तेवढ्याच आकाराचे तुकडे पाडत थव्यावरून नजर न्यायची, आणि दोघांनी एकमेकांना न सांगता आपापला आकडा लिहायचा. वहीत याचीच एक घरगुती युक्ती आहे : हात लांब करून करंगळीच्या नखाआड किती पक्षी लपतात ते पाहावे आणि मग थवा नखांनी मोजावा. आमच्यातल्या सर्वांत तरुण मुलीने ती हसत हसत करून पाहिली, आणि थापट्यांच्या बाबतीत तिचा नखांचा आकडा माझ्या दुर्बिणीच्या आकड्याच्या फार जवळ आला. दोन दलदली भोवत्या, म्हणजे पाणथळीवरचे शिकारी पक्षी, मध्येच खाडीवरून खालून उडत गेले, तेव्हा सगळी बदके एकदम उठली आणि सगळी मोजणी पुन्हा करावी लागली. याबद्दल मात्र कोणी तक्रार केली नाही.

वहीतले जुने आकडे आणि आमचे आकडे शेजारी शेजारी मांडावेत असा एकाचा आग्रह होता. मी त्याला नकार दिला. आजोबांनी पक्ष्यांच्या रकान्यात ‘दिसले’ आणि ‘मिळाले’ असे दोन आकडे प्रामाणिकपणे लिहिले असले, तरी त्यांची तळी लहान होती आणि आमच्यासमोर एक अवाढव्य जलाशय होता. चरण्याची ठिकाणे बदलली, पाणी बदलले, पिके बदलली. अशा दोन आकड्यांची तुलना करून कोणताही निष्कर्ष काढला तर तो चुकीचाच निघेल. साडेआठला आम्ही तक्ते पुरे केले, ओळख न पटलेली बदके वेगळ्या ओळीत लिहिली, आणि उठलो. तेवढ्यात काठावर पहिल्या मोटारी येऊन थांबल्या होत्या.

परतीचा रस्ता पाटस, चौफुला, यवत असा नेहमीचाच होता आणि त्यावर सांगण्यासारखे काही घडले नाही.

मंगळवारी रात्री दादांचा आवाजी निरोप आला. मागे भांड्यांचा आवाज होता आणि एक म्हातारी बाई मध्येच काहीतरी सांगत होती. “सर, आईनं तुमच्या आजोबांचा नकाशा बगितला. सगळं बरोबर हाय म्हनती. फकस्त हीर चिचंच्या अलीकडं हुती, पलीकडं न्हाई. ती रोज पानी आनायची तिथनं. तेवढं दुरुस्त करा म्हनली.”

मी वही काढली, १९६१ चे पान उघडले आणि पेन्सिलीने विहीर झाडाच्या अलीकडे आणली.